वाळक्या फांदीत कोण राहतं?

मुंबई–आग्रा महामार्गावरचं, धुळे जिल्ह्यातलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात टुक्, टुक्, टुक् असा ठोका ऐकू आला, तर भांडी घडवणाऱ्यांकडे धावू नका. आधी मान वर करा! कडुनिंबाच्या शेंड्यावर चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल आणि गळ्याखाली लाल पट्टा असलेला पक्षी बसला असेल. हा तांबट. ठोके देताना हा पठ्ठ्या चोच उघडतच नाही, गळ्याची कातडी तेवढी फुगते नि बसते. वर डोकंही इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही.

तांबटाचं घरटं काड्यांचं नसतं. नर-मादी मिळून फांदीत भोक कोरतात, बहुतेकदा फांदीच्या खालच्या बाजूने. पण हिरव्या टणक लाकडापुढे एवढ्याशा चोचीचं काय चालणार? त्यांना बुरशीने मऊ झालेली, वाळकी फांदीच हवी. आणि झाड ‘साफ’ करताना आपण नेमकी तीच आधी उतरवतो!

पिंगळ्याला, साळुंकीला तर कोरताही येत नाही. त्यांना आयती ढोली लागते. ढोली होते कशी? फांदी मोडते, जखमेतून पाणी शिरतं, मागोमाग बुरशी येते आणि गाभ्याचं लाकूड हळूहळू कुजवते. मग झाड मरत कसं नाही? कारण गाभ्याचं लाकूड तसंही मेलेलंच असतं. पाणी वर चढतं ते बाहेरच्या थरांतून. म्हणून आतून पोकळ झालेली म्हातारी चिंचही चिंचांनी लगडते. मात्र अशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं जातात.

आपल्या खान्देशातल्या रानपिंगळ्याचंही घर ढोलीतच. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो संपला, असंच पुष्कळांना वाटत होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला. तोही दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं.

आता तुमच्या बांधाकडे वळू. कुणी कुऱ्हाड उचलली की एवढंच विचारा, ‘ही फांदी पडली तर कुठे पडेल?’ घरावर, रस्त्यावर, गोठ्यावर पडणार असेल तर उतरवायलाच हवी. नुसती शेतात पडणार असेल तर राहू द्या की! छाटायचीच असेल तर थंडीत, घरट्यांचे दिवस सुरू होण्याआधी. आणि बांधावरची सगळी झाडं एकाच वर्षी बोडकी करायची नाहीत. चुलीला सरपण लागतं, असं आजी म्हणेल. तिचंही खरंच आहे. तिला बाकीच्या वाळक्या फांद्या द्या, तांबटासाठी एक जाडशी मागून घ्या. बाबांना पटत नसेल तर पिंगळा काय खातो ते सांगा : उंदीर, टोळ, भुंगेरे.

ढोलीत कुणी राहतं का, हे झाडावर न चढताही कळतं. बुंध्याशी पांढरी शीट आणि करड्या गोळ्या दिसतात का पाहा. न पचलेलं सगळं पिंगळा गोळी करून ओकून टाकतो. वाळलेली गोळी काडीने फोडलीत तर उंदराचं हाड, भुंगेऱ्याचं कवच, काहीही सापडेल. नंतर हात मात्र साबणाने धुवा!