रात्रीचे पित्त आणि झोप

अंथरुणावर पडल्यावर छातीत उठणारी जळजळ म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत उलटे चढणे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे कडे असते. घास उतरताना ते उघडते, लगेच मिटते. ते सैल पडले की आम्ल वर येते. जागेपणी गिळलेली लाळ हे आम्ल धुऊन नेते. झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणे विरळ होते आणि शरीर आडवे असल्याने आम्ल आपोआप खाली उतरत नाही. त्यामुळे रात्री ते अधिक वेळ पोळत राहते.

सोलापुरात यात जेवणाच्या वेळेची भर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, दुपारी अन्न नकोसे होते आणि पोटभर जेवण उशिरा रात्री होते. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेला कामगारही जेवून लगेच आडवा होतो. ज्वारीच्या भाकरीचा यात काही दोष नाही. शेंगाचटणी आणि तिच्यावरचे तेल मात्र जठरात रेंगाळते, तिखटही अनेकांना झोंबते. चटणी सोडायची गरज नाही, ती दुपारी खावी. रात्री भाकरी आणि मुगाचे वरण पुरे, तेही झोपण्याच्या तीन तास आधी. तंबाखू आणि विडी यांनी ते कडे आणखी सैल पडते. वाढलेले पोट जठरावर दाब आणते. वजन थोडे उतरले तरी फरक जाणवतो.

सर्वांत दुर्लक्षित उपाय अंथरुणाचा आहे. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे भक्कम ठोकळे द्यावेत. उशांची चळत लावल्याने फक्त मान वाकते, पोट दुमडते आणि त्रास वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी घडी घातलेल्या सोलापुरी चादरी गादीखाली अशा रचाव्यात, की कमरेपासून डोक्यापर्यंत सलग चढ तयार होईल. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते, आम्ल लवकर माघारी जाते. उजव्या कुशीवर याच्या उलट घडते.

दूध किंवा खायचा सोडा घटकाभरच आराम देतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे आम्ल तयार होणेच कमी करतात. ती सहसा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात, आणि डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत. घास अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौच, कारण नसताना वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर तपासणी लांबवू नये. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ते पित्त समजून थांबू नये. रुग्ण त्याच क्षणी रुग्णालयात न्यावा.