भिंतीतून जाणारा निरोप

अंधाऱ्या खोलीत कोंबडीचं अंडं टॉर्चसमोर धरून पाहिलंय कधी? आठवडाभर उबवलेलं अंडं असेल, तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि त्यात हलणारा एक गडद ठिपका. तेच पिल्लू! 21 दिवस भरले की चोचीनं कवच फोडून ते बाहेर येणार. पण आत्ता त्याच्या इवल्याशा डोक्यात नुसती धांदल उडाली आहे. तिथं मेंदू घडतोय.

डोळ्यांतल्या चेतापेशींचे बारीक धागे मेंदूकडे निघालेत. कोंबडीच्या उजव्या डोळ्याचे धागे मेंदूच्या डाव्या बाजूला जातात आणि डाव्या डोळ्याचे उजव्या. पण सुरुवातीला काही धागे वाट चुकतात, उजव्या डोळ्याचे उजवीकडेच शिरतात. पिल्लू बाहेर यायच्या आत हे चुकार धागे नाहीसे होतात. त्यांना कोण सांगतं, की बाबांनो, तुमचं इथं काम नाही?

1994 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अंड्यातल्या पिलांवर एक प्रयोग केला. पिलांच्या शरीरात तयार होणारा एक वायू त्यांनी औषध देऊन अडवला. आणि काय आश्चर्य! चुकार धाग्यांपैकी बरेचसे तसेच राहिले.

त्या वायूचं नाव नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक अणू, बस्स. वीज कडाडली की तो आकाशात तयार होतो, गाड्यांच्या धुरातही असतो. (भूल देताना वापरतात तो 'हसवणारा वायू' वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड.) धुरातला वायू आणि पिलाच्या मेंदूत? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना!

पेशी हा वायू आर्जिनिन नावाच्या पदार्थापासून बनवतात. आर्जिनिन शेंगदाण्यात भरपूर असतं. वायू सुटला की मागं उरतं सिट्रुलिन. हे पहिल्यांदा सापडलं कलिंगडात, म्हणून नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडलं.

आता त्याची खरी गंमत. चेतापेशींचे बाकीचे निरोप पुड्या बांधून ठेवलेले असतात. पुडी फुटते, निरोप समोरच्या पेशीच्या ठरावीक दारावर पोचतो. नायट्रिक ऑक्साइडची पुडी बांधताच येत नाही. तयार झाला की निघाला! शेजारी फोडणी पडली की वास सगळ्या चाळीला कळतो ना, तसा तो आजूबाजूच्या सगळ्या पेशींना कळतो. फोडणीच्या वासाला निदान खिडकी तरी लागते, हा पेशीच्या भिंतीतून आरपार जातो. आणि काही सेकंदांत संपतोसुद्धा.

वाढत्या मेंदूला त्याचा एक निरोप फार महत्त्वाचा असतो: "पुरे, आता थांबा." एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं किती दिवस चालणार? कधीतरी दुणावणं सोडून चेतापेशी म्हणून कामाला लागायला हवं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बेडूकमाशांच्या मेंदूतला हा वायू अडवला होता. पेशी दुणावतच राहिल्या, मेंदू मोठा झाला. मोठा मेंदू म्हणजे हुशार बेडूक, असं वाटलं ना? तसं नाही. त्या मेंदूची घडणच बिघडली. उलट जास्तीचा वायू दिला, तेव्हा पेशींचं दुणावणं मंदावलं.