वाट मोडते तेव्हा नेमके काय मोडते?

टी. नगर (चेन्नई) : रंगनाथन रस्ता आणि पाँडी बाजाराच्या गर्दीत पाठपिशवी, बूट, विजेरी असे डोंगरभटकंतीचे बहुतेक सामान तासाभरात खरेदी करता येते. रात्रीची बस पकडली की सकाळी पश्चिम घाटाचा पायथाही गाठता येतो. मात्र ज्या वाटेवर चालायचे, तिची पारख बाजारात होत नाही.

११ मार्च २०१८ रोजी चेन्नईने याची फार मोठी किंमत मोजली. महिला दिनाच्या निमित्ताने निघालेला एक गट थेनी जिल्ह्यातील कुरंगणीहून कोळुक्कुमलैच्या चहामळ्यांपर्यंत चढून गेला होता. त्यात बहुसंख्य महिला होत्या. दुसऱ्या दिवशी उतरताना ईरोड व तिरुप्पूर भागातील आणखी एक गट सोबत होता. दुपारी उतारावरील वाळलेल्या उंच गवताने पेट घेतला आणि २० हून अधिक जणांचा बळी गेला. या वाटेसाठी परवानगी घेतलेली नव्हती, असे वनाधिकाऱ्यांनी नंतर सांगितले.

परवानगीचा मुद्दा कागदोपत्री वाटतो. पण देखभाल या शब्दाचा खरा अर्थ त्यातच आहे. राबत्या वाटेवर कुणीतरी दरवर्षी गवत कापते, जाळरेषा काढते, पडलेली झाडे हटवते आणि वर किती माणसे गेली याची नोंद ठेवते. राबता थांबला की झुडपे आत सरकतात, मुख्य वाट व ढोरवाट यांतील फरक पुसला जातो. त्याहून गंभीर बाब अशी की, संकटात सुटण्याच्या आडवाटाही बुजतात. कुठून वळायचे हे दिसत नसल्यास धावणारा माणूस सरळ समोरच्या घळीत उतरतो. कुरंगणीतही घाबरून पळताना अनेक जण दरीत कोसळले.

उतारावरचा वणवा सपाटीवरच्या आगीसारखा वागत नाही. ज्वाळांची उष्णता वरच्या गवताला आधीच तापवते. त्यामुळे उतार तीव्र तसा आगीचा वेग वाढतो आणि चढणारा माणूस तिच्यापुढे टिकत नाही. अरुंद घळ तर धुराड्यासारखे काम करते. त्यामुळे वर किंवा घळीत न शिरता आगीच्या बाजूला आडवे सरकणे, शक्य असल्यास आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर जाणे, हे अधिक सुरक्षित मानले जाते.

या दुर्घटनेनंतर तमिळनाडू सरकारने २०१८ मध्येच वनक्षेत्रातील पदभ्रमणासाठी नियम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ योजनेत ४० निश्चित वाटा खुल्या झाल्या. त्यांवर वनालगतच्या गावांतील व आदिवासी समाजातील प्रशिक्षित वाटाडे सोबत असतात. वणव्याच्या हंगामात या वाटा बंद ठेवल्या जातात. हौशी भटक्यांना हा जाच वाटू शकतो. कुरंगणीची तारीख आठवली की तो तसा वाटू नये.

दुर्गम हिमालयात आगीची जागा हिमवादळ घेते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधील सहस्रताल मार्गावर कर्नाटकातून गेलेल्या गटातील ९ जण वादळात सापडून दगावले. मदत पोहोचण्यास लागणारा वेळ तिथे निर्णायक ठरतो, आणि आपण नेमके कुठे आहोत हे खाली कुणाला ठाऊक नसेल, तर तो वेळ आणखी लांबतो.

कुरंगणीत वायुदलाची हेलिकॉप्टरे नंतर आली. त्याआधी आजूबाजूच्या वस्त्यांतील लोकच वर धावले होते. जखमींना त्यांनी चादरींच्या झोळ्यांतून खाली आणले. सह्याद्रीतील गडवाटांवरही मार्चमध्ये गवत असेच वाळलेले असते. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात थांबून वाट चालती आहे का हे विचारण्यास आणि परतण्याची वेळ सांगून ठेवण्यास दहा मिनिटे पुरतात.