शस्त्रक्रियेपूर्वीचे चार आठवडे

घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले की, प्रथम पैशांची जुळवाजुळव होते. मग रजा कुणी काढायची, रात्री सोबतीला कोण राहणार, याची चर्चा होते. रक्ताचा विचार मात्र बहुधा आदल्या दिवशी होतो. हिमोग्लोबिन नऊ निघते, ‘दोन बाटल्यांची सोय करा’ असे सांगण्यात येते आणि मुलगा किंवा जावई चिठ्ठी घेऊन रक्तपेढी गाठतो. ही धावपळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती पुष्कळदा टाळता आली असती हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गणित साधे आहे. रक्ताच्या एका बाटलीने प्रौढ माणसाचे हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने वाढते. रक्तक्षय लोहाच्या अभावी असेल, तर तेवढी वाढ नियमित घेतलेल्या गोळ्यांनी साधारण महिनाभरात होते. गोळ्या सोसत नसल्यास किंवा अवधी थोडा असल्यास शिरेतून लोह देता येते. खुब्याचे हाड मोडले असेल, तर थांबणे इष्ट नाही, हे मान्य. परंतु झिजलेला गुडघा वर्षानुवर्षे दुखत असतो. त्याला आणखी चार आठवडे जड नसतात.

तपासणी लवकर व्हावी, याला दुसरेही कारण आहे. गुडघेदुखीचे रुग्ण वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतात, आणि त्यांनी जठरात व्रण होऊन नकळत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे रक्तक्षयाचे मूळ कधी कधी गुडघ्याच्या औषधातच असते! मूत्रपिंडाचे जुने दुखणेही कारण असू शकते. बाटली चढवून आकडा सुधारतो. कारण तसेच राहते.

रुग्णाचेच रक्त आगाऊ काढून ठेवण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात, एड्सच्या भीतीमुळे, पाश्चात्त्य देशांत बरीच रूढ झाली होती. पुढे ती मागे पडली, कारण असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर अधिकच फिकट होऊन येई. बाटली देण्याची घाईही आता कमी झाली आहे. अमेरिका व कॅनडातील खुब्याच्या रुग्णांवरील २०११ च्या अभ्यासात, एरवी प्रकृती स्थिर असताना हिमोग्लोबिन आठच्या खाली जाईपर्यंत थांबलेल्यांचे काही अधिक वाईट झाल्याचे आढळले नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने नातेवाइकांकडून बदली रक्त घेण्याची रीतही हळूहळू संपवण्याचे ठरवले. तरीही एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद झाली, शिबिरे थांबली, की तीच मागणी पुन्हा कानी येते. आणि शिबिरात तरी काय दिसते? दात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. त्यामुळे उत्साहाने आलेल्या कित्येक मुलींना परत जावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे पाहता यात नवल नाही. आईला रक्त हवे आणि लेकीला ते देता येत नाही, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासावे, ही मागणी रुग्णाने स्वतःच करायला हवी. ते कमी असेल, तर कारण शोधून उपचार होईपर्यंत तारीख पुढे नेण्यास डॉक्टरांनी व घरच्यांनीही कुरकुरू नये. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, एवढे मात्र आजच सांगून ठेवतो. आपल्या घरांत ती हटकून चहाबरोबरच घेतली जाते.