वारा इथला, लाट लांबची

या आठवड्यात कंधारचा जगत्तुंग सागर हा तलाव लिहायला घ्यायचा होता, पण तो पुढे ढकलतो. मुदखेडच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर घाईचं आहे. आठ-दहा मित्र मिळून मेअखेरीस गोव्याला विंडसर्फिंग, म्हणजे शिडाच्या फळीवर उभं राहून पाणी कापायला, शिकायला निघालेत. मोबाइलवर त्यांनी अंदाज पाहिला तर वारा अगदी मंद आणि लाट मात्र दीड मीटर. ते विचारतात, ‘लाट वाऱ्यानं उठते असं तुम्हीच लिहिलंत, मग वारा नसताना एवढी लाट आली कुठून?’

फार नेमका प्रश्न आहे. मागे विष्णुपुरीच्या जलाशयावर आपण पाहिलं ते सगळं तिथल्या तिथे घडत होतं. वारा सुटला की पाणी खवळायचं, वारा पडला की थोड्या वेळात निवळायचं. समुद्रावर एकाच पाण्यात दोन लाटा चालतात. एक तिथल्या वाऱ्यानं उठलेली, आखूड आणि विस्कळीत. दुसरी हजारो किलोमीटरवरच्या वादळानं उठवलेली. ते वादळ कधीच शमलेलं असतं, पण लाट चालतच राहते. दर्यावर तिला स्वेल म्हणतात.

दक्षिण गोलार्धात 40 अक्षांशांच्या खाली पश्चिमेचे वारे बारा महिने घोंघावतात. तिथून निघालेल्या स्वेलच्या दोन माथ्यांमध्ये 14 सेकंदांचं अंतर आहे असं धरा. खोल समुद्रात सेकंदांना 1.56 नं गुणलं की माथ्याचा वेग मीटरमध्ये मिळतो, म्हणजे सेकंदाला जवळपास 22 मीटर. लाटांचा तांडा मात्र याच्या निम्म्या वेगानं, ताशी सुमारे 40 किलोमीटरनं सरकतो. गोवा तिथून सहा हजार किलोमीटर. सहा-सात दिवसांनी ती लाट किनाऱ्याला लागते, तेव्हा गोव्यात आकाश निरभ्र असू शकतं आणि झावळीसुद्धा हलत नसते.

म्हणून अंदाज पाहताना लाटेच्या उंचीवर थांबू नका, शेजारचा सेकंदांचा आकडा वाचा. एक मीटरची 6 सेकंदांची लाट आणि एक मीटरचीच 14 सेकंदांची लाट यांत दुसरी दुपटीहून जास्त ऊर्जा घेऊन येते. उथळ पाण्यात ती आणखी उंचावते. शिकाऊ माणसाला फळीवर उभं राहायलाच वेळ लागतो, तेवढ्यात ती त्याला फळीसकट उलटवते. किनाऱ्यावर पोचलात की स्वतः मोजून बघा. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तरंगणारी एखादी वस्तू हेरा. ती दहा वेळा वर येईपर्यंत घड्याळ लावा आणि मिळालेल्या सेकंदांना दहानं भागा. उत्तर दहाच्या वर गेलं तर नवख्यांनी खाडीच्या आडोशाचं पाणी धरावं.

आता वारा. खारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेत, त्यांचा खरा उपयोग इथे. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी तेव्हा काचेसारखं गुळगुळीत दिसतं आणि तेच फसवं असतं, कारण शीड आवरलं नाही तर माणूस आत ओढला जातो. दुपारचा खारा वारा चुकलेल्याला किनाऱ्याकडे परत आणतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा वारा दुपारी दोननंतर चांगला भरतो.

तुमच्या गटात कुणी तयार असेल, कुणी अगदी नवखा. दोघांना एकच वारा मानवणार नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. शिकणाऱ्याला 8 ते 10 नॉट पुष्कळ झाले, म्हणजे ताशी 15 ते 18 किलोमीटर. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागले की वारा 11 नॉटच्या पुढे गेला समजा आणि नवख्यांना बाहेर काढा. तयार मंडळींची मजा तिथूनच सुरू होते.

हैदराबादला ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. आपल्या भागाला कोकणापेक्षा ती कितीतरी जवळ. समुद्राचे आणि स्वेलचे इशारे ती देते. 6 मे 2024 ला कन्याकुमारीजवळच्या किनाऱ्यावर पाच तरुण शिकाऊ डॉक्टर लाटेत वाहून गेले. उंच लाटांचा इशारा तेव्हा दिलेला होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असा इशारा शोधून वाचायची सवय नाही. ती लावून घेतलीच पाहिजे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. मेअखेरीला जाऊ नका. मोसमी वारे उंबरठ्यावर असतात, दक्षिणेकडच्या स्वेलचा जोर वाढलेला असतो आणि पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद व्हायची वेळ आलेली असते. तिकिटं रद्द करून पुढच्या मार्चची काढा. निघण्याआधी तीन दिवस रोज वारा, लाट आणि सेकंद वहीत लिहा आणि ती वही तिथल्या प्रशिक्षकाला दाखवा. कंधार पुढच्या आठवड्यात, नक्की.