स्वयंपाकघराचे नूतनीकरण आणि ओट्याची उंची

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात ग्रॅनाइट व कपाटांचा पुष्कळ विचार होतो. ओट्याची उंची मात्र बहुधा गवंडीच ठरवितो. १९२६ मध्ये मार्गारेट शूटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर रचले, ते काम करणाऱ्या व्यक्तीच्या हालचालींचा अभ्यास करून; बसून काम करण्यासाठी फिरते स्टूलही दिले. आपल्याकडे चुलीपुढे बसणारी गृहिणी ओट्यापुढे उभी राहिली, एवढेच. भाजी चिरण्यासाठी ओटा कोपराच्या १० ते १५ सें.मी. खाली असावा, पोळी लाटताना दाब द्यावा लागतो, म्हणून त्याहूनही खाली. शेगडी ओट्यावर ठेवल्याने पातेल्याचे तोंड आणखी वर जाते व ढवळताना खांदा उचलावा लागतो. यास्तव शेगडीखालचा भाग थोडा उतरवून घ्यावा. कंत्राटदार सहसा कुरकुरतात, कारण सलग फरशी बसविणे त्यांना सोयीचे असते.