ज्ञानेश्वर : नाव एक, कागद अनेक

बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केले, की नाव ठेवण्याचे काम झाले असे आपण समजतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवरील गावांत मात्र खरे काम तेथून पुढे सुरू होते. हे आम्हांस एका विद्यार्थ्यामुळे चांगलेच कळून आले.

त्याचे नाव ज्ञानेश्वर. जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत ‘जी-एन’ने सुरू होणारे नाव, तर पैनगंगेपलीकडे मामाच्या गावी काढलेल्या आधारकार्डावर ‘डी-एन-वाय’ने सुरू होणारे. महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाच्या प्रवेशाला गेला, तेव्हा खिडकीवरच्या बाबूंनी ‘ही दोन माणसे आहेत’ असे सांगून कागद परत केले. प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन-तीन खेपा, बापाची बुडालेली मजुरी. आणि एवढे करून प्रवेशाची तारीख निघून गेली ती गेलीच. हुशार पोरगा वर्षभर घरच्या रानात कापूस वेचत राहिला. त्याला शिकवणारे आम्ही. पण त्याचे कागद वेळीच शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे आम्हांलाही सुचले नाही.

वास्तविक या नावाइतके आपले नाव दुसरे कोणते? ज्ञान आणि ईश्वर मिळून ज्ञानेश्वर, म्हणजे ज्ञानाचा स्वामी. गोदाकाठी पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्णी घराण्यातल्या या मुलाने शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशास गीतेवर सुमारे ९,००० ओव्यांची मराठी टीका सांगितली. १२९६ साली आळंदीस त्यांनी समाधी घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस मानले जाते. पुढे वारकऱ्यांनी हे नाव घरोघर नेले. ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानू, माऊली अशी त्याची रूपे झाली. कोणत्याही जातीच्या घरात ते शोभले. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा एकाच वर्गात दोन-तीन ज्ञानेश्वर असत आणि हजेरी घेताना बापाचे नाव जोडावे लागे. आता हजेरीपटावर आर्यन, श्लोक, विहान दिसतात. तरीही आजोबांचे नाव चालवायचे म्हणून एखादे घर अजून ज्ञानेश्वर ठेवते.

मग घोटाळा होतो कोठे? ‘ज्ञ’ या अक्षरात. ज् आणि ञ यांचे हे जोडाक्षर. मराठी माणूस ते ‘द्न्य’ असे उच्चारतो, हिंदी माणूस ‘ग्य’, आणि आपले तेलुगू शेजारी ‘ग्न’च्या जवळ जातात. यात कोणी चुकत नाही. आपलेच वारकरी ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणतात, ते काय अशुद्ध म्हणावे? लिहिताना तर मराठी आणि तेलुगू यांत भेदच नाही. तेलुगू लिपीतही ‘ज’ला ‘ञ’ जोडूनच हे अक्षर होते. भेद पडतो तो इंग्रजीत, कारण तेथे ज्याच्या कानाला जसे ऐकू येते तसे तो लिहितो. तेलंगणाच्या राजकारणातील कासानी ज्ञानेश्वर हे इंग्रजीत आपले नाव ‘जी’ने लिहितात, ते त्यांच्या बोलीप्रमाणे बरोबरच आहे.

आपल्या भागाला कागदांची ही अदलाबदल नवी नाही. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य-पुनर्रचना झाली, किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबादेतून निघून पलीकडे गेले आणि एकेका घरातली माणसे दोन राज्यांत वाटली गेली. त्याच वर्षी राज्यघटनेत कलम ३५०-अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्याचे काम ठरले. मराठी शाळा टिकवण्यासाठी आमची समिती याच कलमाचा आधार घेते. पण शाळा टिकवताना मुलाचे नावही टिकवले पाहिजे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार इत्यादी अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरण्याचा कायदा झाला आहे. तेव्हा जन्माची नोंद करतानाच नाव मराठी, तेलुगू आणि इंग्रजी या तिन्ही लिपींत एका चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि छापील दाखला तेथेच वाचून घ्यावा. पुढे इकडचे ‘मी-सेवा’ केंद्र असो की तिकडचे, तीच चिठ्ठी दाखवावी. (‘मी-सेवा’तला ‘मी’ तेलुगू आहे, त्याचा अर्थ ‘तुमची’! एका अक्षराने अर्थ कसा फिरतो, हे यावरूनही दिसावे.) मोठ्या मुलांचे कागद नववीत असतानाच जुळवून घ्यावेत. ‘डी’ की ‘जी’, हा मानाचा प्रश्न करू नये. एक धरावे, ते सोडू नये.

आणि मुलाला आपले नाव देवनागरीत सुवाच्य लिहिता आलेच पाहिजे. नाव मराठी आणि सही तेवढी इंग्रजी, हे बरे नव्हे.

आपेगावाजवळून वाहणारी गोदावरी पुढे नांदेडवरून बासरला येते. पूर्वी आपल्या जिल्ह्यात आणि आता निर्मलमध्ये असलेल्या या गावी ज्ञानसरस्वतीपुढे मराठी आणि तेलुगू आईबाप लेकरांचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. तेथे ‘ज्ञान’ हा शब्द कोणी कसा उच्चारला, म्हणून कोणी परत फिरत नाही. कागदाच्या खिडकीवरूनही आपले पोर परत फिरू नये, याची काळजी आपणच घेतली पाहिजे.